आटोपशीर नाताळ : कामे, खर्च आणि कचरा कमी करण्याची रीत

वसई, उत्तन, मुंबईची उपनगरे, पुणे किंवा अहिल्यानगर अशा ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की कामांची जी यादी तयार होते, तिच्यातील फारच थोड्या गोष्टी धर्माने सांगितलेल्या असतात. आगमनकाळातील (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातील) प्रार्थना, प्रायश्चित्त संस्कार (पापांची कबुली), नाताळची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) आणि गरजूंना दान एवढे सोडले, तर रंगकाम, फराळाचे आठ-दहा प्रकार, घरातील प्रत्येकाला नवे कपडे, प्रत्येक नातेवाइकाला भेटवस्तू, दारावरची रोषणाई आणि पंगतीतले चार सामिष पदार्थ ही सारी आपणच वाढवत नेलेली कामे आहेत. ती वाढण्याचे मुख्य कारण हौस नसून परतफेड आहे, असे माझे मत आहे. गेल्या वर्षी त्यांच्याकडून केक आला होता म्हणून यंदा आपला गेला पाहिजे, त्यांनी आपल्या मुलाला कपडे घेतले होते म्हणून आपणही त्यांच्या मुलाला घेतले पाहिजेत, या हिशेबात दोन्ही घरे दमतात आणि दोघांपैकी कोणीही थांबायला तयार नसते. म्हणूनच नाताळ सुटसुटीत करायचा असेल, तर कागदी पिशव्या आणि पर्यावरणपूरक सजावट यांपासून सुरुवात करून फारसे साधत नाही. आधी माणसांशी बोलावे लागते, मग पैशांचा हिशेब करावा लागतो आणि वस्तूंचा विचार सर्वांत शेवटी येतो.

बोलणी आगमनकाळाआधी

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. घरातील बैठक त्याआधी व्हावी, कारण एकदा डिसेंबर लागला की खरेदी सुरू झालेली असते आणि मग कोणताही बदल दुसऱ्याला नकार दिल्यासारखा वाटतो. बैठकीत एकच प्रश्न विचारावा: कोणती गोष्ट नसेल तर तुम्हाला नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही? लहान मुलांपासून आजीपर्यंत प्रत्येकाने एक किंवा फार तर दोन गोष्टी सांगाव्यात. उत्तरे बहुधा साधी निघतात. कोणाला गोठा (येशूच्या जन्माचा देखावा) हवा असतो, कोणाला कुलकुल (मैद्याचे छोटे तळलेले गोड शंख) वळायला एकत्र बसणे हवे असते, कोणाला मिस्सेनंतर घरी येऊन घेतलेली गरम कॉफी आणि केकचा तुकडा हवा असतो. ज्या गोष्टीचे नाव कोणीच घेतले नाही, ती यंदा गाळून पाहावी.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. ज्याने पदार्थाचे नाव घेतले तो आणि ज्याला तो करावा लागतो ती, ही आपल्याकडे बहुतेक वेळा दोन वेगळी माणसे असतात. त्यामुळे यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण करणार त्याचे नाव लिहावे आणि एकाच बाईचे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर यादी छाटावी किंवा नावे बदलावीत. नारळ खवणे, मैदा मळणे, तळणीपाशी उभे राहणे, शेवटी भांडी घासणे ही कामे पुरुषांना येत नाहीत, ही सबब या बैठकीत मान्य करू नये.

नातेवाइकांना कळवणे हा त्यातला अवघड भाग आहे. निरोप लवकर द्यावा, स्वतःपुरता द्यावा आणि त्यात उपदेश असू नये. उदाहरणार्थ, ‘मावशी, यंदा आम्ही मोठ्या माणसांना भेटवस्तू न देण्याचे ठरवले आहे. तुम्हीही आमच्यासाठी काही आणू नका. २६ तारखेला दुपारी जेवायला मात्र या, आणि येताना तुमच्या हातचे लिंबाचे लोणचे आणा,’ असा निरोप कोणाला दुखावत नाही, कारण त्यात देणे-घेणे थांबवले असले तरी येणे-जाणे तोडलेले नाही. शेवटची मागणी मुद्दाम ठेवावी. काहीच आणू नका असे सांगितले की आपल्या लोकांना रिकाम्या हाताने यायला संकोच वाटतो आणि ते वाटेत दुकानातून काहीतरी घेऊनच येतात.

पैसा

आपल्याकडे बोनस बहुतेक ठिकाणी दिवाळीला मिळतो आणि नाताळ त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी येतो. मधल्या काळात ती रक्कम घरखर्चात विरून जाते आणि डिसेंबरात क्रेडिट कार्ड किंवा हप्ते यांचा आधार घ्यावा लागतो, जे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे नेमके शाळेच्या फीच्या दिवसांपर्यंत, फेडत बसावे लागतात. बोनस हातात आल्याच दिवशी नाताळचा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकणे हा सोपा उपाय आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे जानेवारीतच बँकेत किंवा पतपेढीत आवर्ती ठेव सुरू करणे. महिन्याला १,००० रुपये टाकले तरी नोव्हेंबरअखेर ११,००० रुपये आणि वर थोडे व्याज हाती येते. वसईत तर कॅथोलिक समाजाने १९१८ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली, तेव्हा थोडे थोडे बाजूला टाकण्याची सवय आपल्याला नवी नाही.

रक्कम ठरली की तिचे भाग पाडावेत आणि दानाचा भाग सर्वांत आधी काढून ठेवावा. शेवटी उरले तर देऊ, असे म्हटले की उरत नाही. त्यानंतर जेवण, मुलांचे कपडे, प्रवास आणि किरकोळ असा क्रम ठेवल्यास सजावट आणि भेटवस्तू यांच्यासाठी आपोआप थोडेच शिल्लक राहते, आणि ते तसेच राहावे.

फराळ आणि जेवण

सर्वांत जास्त श्रम स्वयंपाकघरात जातात आणि सर्वांत जास्त नासाडीही तिथेच होते, म्हणून याचा विचार सावकाश करायला हवा. नेवऱ्या (करंज्या), कुलकुल, दोदोल, पेरूचे चीज (पेरूच्या घट्ट वड्या), नारळाच्या वड्या, बिबिंका, फ्रूट केक असे सगळे प्रकार प्रत्येक घरात थोडे थोडे करायचे, आणि मग ताटे भरून एकमेकांकडे पाठवायचे, ही आजची पद्धत मुळातच उलटी आहे. गोव्यात ज्याला कोन्सुआदा म्हणतात ती शेजाऱ्यांकडे ताट पाठवण्याची रीत सुंदर आहे, पण सगळ्या घरांनी तेच सात पदार्थ केले तर ताटांची फक्त अदलाबदल होते. त्याऐवजी शेजारच्या किंवा नात्यातल्या तीन-चार घरांनी पदार्थ वाटून घ्यावेत. एका घराने सगळ्यांच्या नेवऱ्या कराव्यात, दुसऱ्याने कुलकुल, तिसऱ्याने केक. एकच पदार्थ मोठ्या प्रमाणावर केला की सामान घाऊक भावात मिळते, तेलाची कढई एकदाच चढते आणि हात बसला की कामही भराभर होते.

कोणता पदार्थ कधी करायचा, हे त्याच्या टिकण्यावरून ठरवावे. पाकात किंवा पिठीसाखरेत घोळवलेले कुलकुल हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे कुरकुरीत राहतात, त्यामुळे ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी, मुलांना हाताशी घेऊन, काट्याच्या किंवा स्वच्छ नव्या कंगव्याच्या पाठीवर वळून टाकावेत. सुके खोबरे आणि भाजलेला रवा घातलेल्या नेवऱ्या पंधरा दिवस टिकतात. ओल्या नारळाच्या दोन-तीन दिवसांत खाव्या लागतात. केकचा सुका मेवा रममध्ये भिजवायचा असेल, तर किमान दोन-तीन आठवडे आधी भिजवावा. दारू चालत नसल्यास संत्र्याच्या रसात फक्त रात्रभर ठेवावा, जास्त दिवस ठेवला तर तो आंबतो. मेव्यासाठी महागडी परदेशी बेरीफळे आणण्याची गरज नाही. वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी बारीक चिरून घातली तर केकला जो ओलावा आणि गोडवा येतो तो मनुकांनी येत नाही, आणि डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतातच, त्यांची साल साखरेच्या पाकात मुरवून घरीच तयार करता येते.

दोदोल आणि बिबिंका यांच्याबाबतीत माझे मत स्पष्ट आहे: ज्यांच्या घरी ते करणारे हात आणि हौस दोन्ही नाहीत, त्यांनी ते करू नयेत. दोदोल नारळाच्या दुधात आणि गुळात तासन्‌तास घोटावा लागतो; बिबिंकेचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा घालता येत नाही आणि असे किमान सात थर असतात. गोव्याच्या बिबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती घरगुती पद्धतीने करणाऱ्या एखाद्या बाईकडून लहानशी विकत घ्यावी आणि पातळ कापून सर्वांना द्यावी. ती जड असते, एकेक तुकडा पुरतो.

पाठवणीचा डबा स्टीलचा असावा. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळली जाणारी प्लास्टिकची चकचकीत फिल्म, तसेच प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचे थर्मोकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्राने त्याआधीच २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्मोकोलवर निर्बंध घातले होते. बाजारात त्या वस्तू दिसतात म्हणून त्या घ्याव्यात असे नाही. स्टीलच्या डब्याची एक अडचण मात्र आहे. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत, आणि तिच्यामुळे परतफेडीचा फेरा पुन्हा सुरू होतो. त्यावर तोड अशी की परसातली चार लिंबे, कढीपत्त्याचा एक डहाळा किंवा मूठभर वाल घालून डबा परत पाठवावा. मान राखला जातो आणि कोणाला तळणीपाशी उभे राहावे लागत नाही.

घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी आपण तळण करीत नाही आणि शेजारीपाजारी डबे पाठवतात. याचा अर्थ, फराळ न केलेल्या घराला सामावून घेण्याची व्यवस्था आपल्या समाजात आधीपासून आहे. मग ज्या घरी बाळंतीण आहे, आजारी माणूस आहे, बारावीची परीक्षा आहे किंवा दोघेही रोज लोकलने चर्चगेट गाठतात, त्या घरालाही ही सवलत मिळायला काय हरकत आहे? विश्रांती घेण्यासाठी दुःखाचे निमित्तच का लागावे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

जेवणाचे प्रमाण ठरवताना पाहुण्यांच्या संख्येवरून मोजून चालावे. दोन सामिष पदार्थ असतील तर दोन्ही मिळून माणशी सुमारे २५० ग्रॅम कच्चे मांस पुष्कळ होते. तीन किंवा चार पदार्थ केले म्हणून माणसे तिप्पट-चौपट खात नाहीत. एक सारपातेल किंवा इंदियाल (डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट पदार्थ), एक कोंबडीचा पदार्थ, फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) किंवा सान्नां (तांदळाच्या, इडलीसारख्या), भात, एक भाजी आणि कोशिंबीर एवढे पान भरलेले दिसते. सारपातेल व्हिनेगरमुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मुरते, म्हणून ते २३ तारखेला करून, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे आणि वाढण्याआधी खळखळून उकळावे. त्यामुळे नाताळच्या दिवशी चुलीपाशी फक्त फुगे तळायचे राहतात. मांस, अंडी आणि लोणी यांचे भाव शेवटच्या आठवड्यात चढतात. लोणी आणि सुके सामान तरी पहिल्या पंधरवड्यातच भरून ठेवावे. पाहुण्यांना येतानाच आपापला डबा आणायला सांगावे, म्हणजे उरलेले त्याच दुपारी वाटले जाते आणि आठवडाभर फ्रीज अडून राहत नाही.

गोठा, तारा, झाड

गव्हाणीचा देखावा प्रथम मांडला तो संत फ्रान्सिस असिसीकर यांनी, इटलीतील ग्रेच्चो गावी, १२२३ साली. त्यात गव्हाण होती, गवत होते, बैल आणि गाढव होते. वसई परिसरातल्या गोठ्यांच्या स्पर्धांनी मुलांच्या हाताला उत्तम वळण लावले, हे खरे आहे, पण थर्मोकोलचे डोंगर, पंपाने वाहणारे धबधबे आणि स्प्रेचा बर्फ हे त्या मूळ मांडणीपासून फार दूरचे आहे. पेंढा, लाकडाचा भुसा, माती, दगड आणि नारळाच्या झावळ्या यांत देखणा गोठा होतो. हिरवळीसाठी पसरट ताटलीत माती घालून १२-१३ डिसेंबरच्या सुमारास नाचणी किंवा गहू दाट पेरावेत, रोज पाणी शिंपडावे. २४ तारखेपर्यंत बोटभर उंच गवत तयार होते. मूर्ती दरवर्षी नव्या घेऊ नयेत. तुटलेला मेंढीचा पाय चिकटवता येतो, उडालेला रंग पुन्हा देता येतो. सण संपल्यावर पेंढा गुरांना किंवा खतात जातो, माती कुंडीत जाते.

ताऱ्याचा आकाशकंदील घरी करणे अवघड नाही. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. दोन फूट लांबी बऱ्यापैकी दिसते. पाच कामट्या एकमेकींवरून-खालून घालून एक पंचकोनी तारा बांधावा, उरलेल्या पाचांचा दुसरा, मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळावीत. आतल्या बाजूला कामट्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी पाच-सहा इंचांच्या काड्या आडव्या अडकवल्या की तारा फुगतो. त्यावर पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा आणि मागची एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवावी. आत एलईडीच दिवा लावावा, कारण जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा, सांगाडा माळ्यावर जपून ठेवायचा.

रोषणाईच्या विजेबद्दल उगाच अपराधी वाटून घेऊ नये. शंभर लहान दिव्यांची जुनी माळ सुमारे ४० वॉटची असते. रोज सहा तास, महिनाभर लावली तर ७.२ युनिट वीज लागते. पाच वॉटची एलईडी माळ तेवढ्याच वेळात एक युनिटही घेत नाही. नुकसान होते ते स्वस्त माळा एका मोसमात बंद पडतात आणि कचऱ्यात जातात म्हणून. एकच बरी माळ घ्यावी, बंद पडलेली ई-कचरा संकलनात द्यावी.

झाडाचे गणितही असेच सरळ आहे. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड इतके उत्सर्जन होते, तर तेवढेच खरे झाड कचराभूमीत गेले तर १६ किलो आणि जाळले तर साडेतीन किलो. याचा व्यवहारातला अर्थ असा की घरात असलेले प्लास्टिकचे झाड टाकून ‘पर्यावरणपूरक’ झाड विकत आणणे हा उपाय नव्हे. आहे तेच दहा-बारा वर्षे वापरावे. ज्यांच्याकडे ते नाहीच, त्यांनी अंगणातल्या कुंडीतल्या रोपालाच दोन चांदण्या बांधाव्यात. किनाऱ्यावरच्या सुरूच्या फांद्या मात्र तोडून आणू नयेत.

भेटवस्तू आणि कपडे

दहा माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाने प्रत्येकाला भेट द्यायची म्हटली तर ९० वस्तू होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच द्यायची ठरवली तर दहा. चिठ्ठ्या नोव्हेंबरातल्या बैठकीतच काढाव्यात आणि वरची मर्यादा, समजा ५०० रुपये, तेव्हाच ठरवावी. मर्यादा सर्वांत कमी मिळकत असलेल्या माणसाला झेपेल अशी असावी आणि आखातातून आलेल्या काकांनीही ती पाळावी. चॉकलेटांनी भरलेली बॅग उघडून त्यांनी सगळ्यांना लाजवू नये. लहान मुले या चिठ्ठ्यांतून वगळावीत, पण त्यांनाही चार ठिकाणांहून चार खेळणी येण्यापेक्षा काका-आत्या-मामांनी मिळून एक सायकल द्यावी. वेष्टनाचा चमकीचा किंवा प्लास्टिकचा थर दिलेला कागद पुनर्वापरात जात नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा वर्तमानपत्र आणि सुतळी पुरेशी आहे.

नवे कपडे वाढत्या मुलांना लागतातच. मोठ्यांच्या कपाटात एकदाच नेसलेल्या लग्नातल्या साड्या पडून असतात, त्यांना नाताळच्या मिस्सेइतकी योग्य वेळ दुसरी कोणती मिळणार? कपाट आवरताना निघालेले धडके कपडे धुऊन, इस्त्री करून धर्मग्रामातील (आपल्या चर्चच्या हद्दीतील) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या, गरिबांना मदत करणाऱ्या गटाकडे डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावेत, म्हणजे ते ज्यांना हवेत त्यांना सणाआधी मिळतात. फाटके कपडे दानात घालू नयेत. त्यांची पायपुसणी करावीत, किंवा ३१ डिसेंबरला मुले सरत्या वर्षाचा पुतळा म्हणून जो ‘म्हातारा’ जाळतात, त्याला सुती फाटके कपडे आणि पेंढा द्यावा. टायर आणि प्लास्टिक त्यात भरू दिले, तर त्या धुराचा त्रास आपल्याच गल्लीतल्या दमेकऱ्यांना होतो.

एका दिवसावरचा भार

पुष्कळसा ताण सगळे काही २५ तारखेलाच कोंबल्यामुळे येतो. चर्चच्या पंचांगाप्रमाणे नाताळचा काळ त्या दिवशी संपत नाही, तर सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कुएलिम येथे ६ जानेवारीला तीन राजांचा (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांचा) सण थाटात होतो. तेव्हा रात्रीची मिस्सा आणि घरचे साधे जेवण एवढेच २४-२५ तारखेला ठेवून, माहेरची माणसे २६ ला, मित्रमंडळी २८ च्या सुमारास आणि दूरचे नातेवाईक तीन राजांच्या सणाच्या आसपासच्या रविवारी, अशा भेटी पसरवाव्यात. रात्रीच्या मिस्सेला लहान मुलांना किंवा वृद्धांना ओढून नेण्याची सक्ती नाही. सकाळची मिस्साही नाताळचीच असते.

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर आवराआवर करताना एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: काय उरले, काय कमी पडले आणि कोणत्या गोष्टीची कोणालाच आठवण झाली नाही. तो कागद गोठ्याच्या मूर्तींच्या खोक्यात वरच ठेवावा आणि त्याच आठवड्यात बँकेत जाऊन आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता भरावा.